दार लावलं त्या दिवशी

अमरावती
१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

भाऊ,

अक्षर ओळखून हे पत्र फाडू नकोस. माझ्यासाठी काही मागायला लिहीत नाही. माझा फोन तू घेत नाहीस, दुसऱ्याच्या नंबरवरून केला तर आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून डोमाजीकाकांच्या हाती ही चिठ्ठी पाठवते. ते आमच्या ‘मुक्काम’ची गाडी चालवतात.

‘मुक्काम’ म्हणजे काय हे तुला माहीत असेल. नसेल तर सांगते. खेड्यापाड्यांतून कॅन्सरची लहान मुलं उपचारांना अमरावतीत येतात. त्यांना आणि त्यांच्या आईबापांना राहायला, स्वयंपाक करायला जागा नसते. सहा वर्षांपूर्वी मी एक घर भाड्याने घेऊन ती सोय केली. शनिवार-रविवार मी इथे असते, बाकी दिवस अकोल्याला शाळा. सध्या मात्र रजा टाकून इथेच बसले आहे.

तुझ्या शेडवर देवीदास नावाचा माणूस संत्र्यांच्या पेट्या भरायला येतो. उंच आहे, डाव्या भुवईवर वण आहे. आमच्या फॉर्मवर त्याने कामाचं ठिकाण लिहिलंय, ‘गजेंद्रभाऊचे शेड, जरूड’. तू माझा भाऊ आहेस हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याची मुलगी रेणुका सहा वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. डिसेंबरात आली तेव्हा आईच्या खांद्यावरून मान उचलत नव्हती. महिनाभराच्या औषधांनी रिपोर्ट चांगला आला, पोरगी अंगणात लंगडी घालायला लागली. डॉक्टर मैथिली मॅडमनी देवीदासला समोर बसवून सांगितलं होतं, “रिपोर्ट चांगला आला म्हणजे आजार गेला असं नाही. अजून दोन-अडीच वर्षं औषध चालेल. आता मध्येच सोडलं तर तो परत येईल, आणि परत आलेला आजार ऐकत नाही.” देवीदासने मान हलवली. दहा तारखेला पुढचं इंजेक्शन होतं. आठ तारखेला तो बायको-पोरीला घेऊन निघून गेला. भांडी धुऊन पालथी घातलेली होती.

डोमाजीकाका दोनदा जाऊन आले. देवीदासची आई तानुबाई ओट्यावर उभी राहून म्हणाली, “पोट्टी बरी झाली. आता तिले टोचू देत नाई.” दुसऱ्या वेळी तिने काकांना अंगणातही येऊ दिलं नाही. पोलिसांकडे जावं तर हे सगळे पांढुर्ण्याकडे, मध्य प्रदेशात, निघून जातील. तिथे त्यांचे नातेवाईक आहेत.

तुझं तो ऐकेल. एकदा त्याच्या घरी जा. एवढंच.

रागिणी


जठारपेठ, अकोला
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

भाऊ,

डोमाजीकाका म्हणाले, तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, खिशात घातलंस आणि ट्रकवर चढून ताडपत्री बांधायला लागलास. “काही निरोप?” विचारलं तर “नाही” म्हणालास.

गप्प का बसतोस ते मला समजतं. २०१९ मधल्या त्या बातमीमुळे. आबांच्या मातीला आले तेव्हाही तू माझ्याकडे बघितलं नाहीस. वहिनीने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि ती आत गेली. मी परतीच्या गाडीत बसले.

भाऊ, पत्रकार लोक वाढवून लिहितात. मी बोलले एक, त्यांनी छापलं एक. मथळा तर माझा नव्हताच. पण तुला लागलं ते मला कळतं. म्हणून एक सांगते. येत्या बावीस तारखेला इथे अकोल्यात आमचा कार्यक्रम आहे, त्याच्या तयारीसाठीच मी आज इथे आले आहे. अमरावतीच्या अनसूयाबाईंनी, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आपलं राहतं घर ‘मुक्काम’ला द्यायचं ठरवलंय. ते त्या दिवशी जाहीर होणार आहे. हॉल भरलेला असेल, पेपरवाले असतील. त्या स्टेजवरून मी तुझ्याबद्दल खरं काय ते सांगते. तू देवीदासकडे जा.

हे लिहून ठेवलं आणि दुपारी फोन वाजला. रेणुकाची आई होती, शेजारणीच्या फोनवरून, अगदी हळू आवाजात.

“ताई, पोरीच्या पायावर निळे डाग आले. दात घासतांना रगत येते.”

“ताप आहे का?”

“अंग गरम लागते. सासू म्हनते उष्णता झाली. ताई, बुधवारी आमी पांढुर्ण्याले जाऊन राहिलो. तिकडं एक जन जडीबुटी देते.”

“देवीदासला फोन दे.”

“त्याइले दिसलं तं फोन फोडतीन,” म्हणाली, आणि कट झाला.

मैथिली मॅडमना लगेच विचारलं. त्या म्हणाल्या, “आजार परतला असेल, किंवा आधीच्या औषधांनी रक्तातल्या पेशी कमी झाल्या असतील. दुसरं असेल तर वाचवता येईल. पण इथे आणल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.”

बुधवार म्हणजे एकोणीस तारीख, भाऊ.

रागिणी


अमरावती
१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

भाऊ,

परवाच्या पत्रात मी तुझ्याशी सौदा केला. सहा वर्षांच्या पोरीचा जीव एका पारड्यात आणि माझं खरं बोलणं दुसऱ्या. काल दिवसभर त्याची लाज वाटली. तो सौदा मी मागे घेते. तू जा किंवा नको जाऊस, बावीस तारखेला मी बोलणार आहे.

आणि पत्रकाराने वाढवून लिहिलं हेही खोटं. त्याने मी सांगितलं तेच छापलं.

खरं काय झालं ते मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. २०१४चा नोव्हेंबर. नागपूरला माझी तिसरी केमो होती. नर्सने शीर शोधायला सुरुवात केली तेव्हा मी “बाथरूमला जाऊन येते” म्हणाले आणि तिथून थेट बसस्टँडवर गेले. वरूडची गाडी लागली होती. दुपारी तीनच्या सुमाराला जरूडला तुझ्या दारात आले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. “भाऊ, मले नाई जायचं. अथीच मरू दे,” म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि दार लावून घेतलंस.

मी ओट्यावर बसून हाका मारत होते. शेजारची गोदाबाई कुंपणातून बघत होती. तासाभराने दार उघडलं. तू बाहेर आलास, मला उचलून पिकअपमध्ये बसवलंस. मी तुझ्या हाताला चावले. रक्त आलं तरी तू हात सोडला नाहीस. नागपूरपर्यंत एका हाताने गाडी चालवलीस. त्यानंतरच्या एकूण एक केमोला तू बाहेरच्या बाकावर बसलेला होतास.

२०१९च्या त्या मुलाखतीत मी दारापर्यंत सांगितलं आणि थांबले. पत्रकाराचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पुढचं सांगितलं तर गोष्ट साधी होईल. ‘सख्ख्या भावाने दार लावलं, ती एकटी लढली’ एवढंच छापून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक मदत घेऊन यायला लागले. अनसूयाबाईही ते वाचूनच आल्या. मग मी ते प्रत्येक ठिकाणी तसंच सांगत गेले. कात्रण फ्रेम करून ‘मुक्काम’च्या दारासमोरच्या भिंतीवर लावलं.

पण हे सगळं मी तुला आज का सांगते आहे, ते अजून सांगितलंच नाही.

रेणुकाला दर काही दिवसांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यावं लागतं. तिला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरावं लागतं. ती आईला धरू देत नाही, देवीदासलाच धरावं लागायचं. “बाबा, सोड ना, बाबा, सोड ना,” असं ती ओरडायची, आणि तो धरून ठेवायचा. सात तारखेला संध्याकाळी तो त्या फ्रेमसमोर उभा राहून ते वाचत होता. मी शाळा सुटल्यावर नुकतीच अकोल्याहून आले होते, जवळून चालले होते. मला म्हणाला, “ताई, तुमच्या भावानं नुसतं दार लावलं. मी तं पोरीले दाबून धरतो अन् ते सुई खुपसते. सांगा, जास्त पापी कोन?”

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. देवीदास, माझ्या भावानेही मला असंच धरलं होतं, मीही अशीच ओरडले होते, त्याने सोडलं नाही म्हणून मी तुझ्यासमोर उभी आहे. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर भिंतीवरचं खोटं ठरलं असतं. मी म्हणाले, “असं बोलू नये, देवीदास. जेवून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघून गेले.

आज मोरोपंत वकिलांना, ते आमच्या संस्थेचे विश्वस्त आहेत, हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रागिणीताई, चूक झाली, मान्य. पण बावीस तारखेलाच कबूल करायला हवं का? आधी घराचं बक्षीसपत्र होऊ द्या. मग सावकाश सांगा.”

“म्हणजे अनसूयाबाईंनाही फसवून?”

“बावीस मुलं आहेत आज तुमच्याकडे. त्यांचा विचार करा.”

“एक मूल गेलं ना त्या फ्रेमपायी.”

“ती अजून गेलेली नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. आजवर तो कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

डोमाजीकाका खाली गाडी सुरू करून थांबलेत. उद्या बुधवार.

रागिणी


जरूड
ता. २० फेब्रुवारी

रागिनी,

मले लिवाची सवय नाई. दोन कागद फाडले. तुही वयनी म्हने, जसं बोलता तसं लिवा.

काल दवाखान्यात पोट्टीले सोडलं अन् तुह्याशी न बोलता निंगालो. तुले वाटलं असन का मी अजून रागात हाओ. मी रागात नवतोच. ते नंतर सांगतो, आदी कालचं आयक.

तुही तिसरी चिठ्ठी वाचली अन् चप्पल घातली. देवीदासच्या घरासमोर टेम्पो उभा होता. गाठोडी चढवेल होती. तानुबाई आडवी आली. देवीदास मांगून आला अन् म्हने, “भाऊ, शेडचे मालक तुमी असान, पोट्टी माही हाय.”

मी म्हनलं, “मी मालक म्हून नाई आलो. त्या भिंतीवरच्या पेपरातला भाऊ मीच हाओ.”

तो पायतच रायला.

मंग त्याले जे सांगतलं ते तुले बी माईत नाई. तू चिठ्ठीत मले लय चांगला करून टाकलं. मी तवा तुह्या भल्यासाठी दार नवतं लावलं. भेवानं लावलं. घरात माही दोन लेकरं लहान होती. लोकं म्हनत होते का हा रोग पसरते. अन् तू मराले आली म्हनत होती, ते मले पायवत नवतं. मी दाराले पाठ लावून खाली बसलो अन् कानात बोटं घातली. तू हाका मारून राहिली अन् मी कानात बोटं घालून बसेल. आबा खाटेवरून नुसते पायत होते. तुही वयनी सैपाकघरातून आली अन् म्हने, “गाडीची किल्ली द्या. मले चालवता येत नाई, तरी मी नेईन तिले.” तवा मी उठलो. तिनं उठवलं म्हून उठलो.

म्हून तू पेपरात सांगतलं ते मले खोटं वाटलंच नाई. लोकं म्हनत, बहीन खोटी बोलली, तिच्यावर केस टाक. मी काय केस टाकू? अर्धं तं खरंच होतं. तुह्या फोनवर मी काय बोललो असतो? तू माफी मागितली असती तं मले माह्यं सांगा लागलं असतं.

देवीदासनं आयकून घेतलं. मंग इचारलं, “नेतांनी ती काय म्हने?”

“शिव्या देत होती. चावली.”

“अन् तुमी?”

“मले रडू आलं. पन हात नाई सोडला.”

“मंग तिनं कवा माफ केलं तुमाले?”

मी म्हनलं, “तिनं केलं का नाई मले माईत नाई. पन ती जित्ती हाये.”

तो खालीच बसला, टेम्पोच्या चाकापाशी. तेवढ्यात आत पोट्टीले उलटी झाली, तिच्यात रगत. तानुबाईच वराडली, “अरे बाप्पा, बोलत काय बसले! उचला तिले!” तिनंच पोट्टी माह्या गाडीत ठेवली अन् सोता बाजूले बसली. मोर्शीवरून आलो. देवीदास मांगं पोट्टीचे पाय मांडीवर घेऊन बसेल होता.

बाविसले जे सांगशीन ते पूरं सांग. माह्यं भेव बी सांग. नाई तं ते आखीन एक अर्धं होईन.

पोट्टी कशी हाय ते कयवजो. फोन केला तरी चालन.

गजेंद्र


अमरावती
७ मार्च २०२५, शुक्रवार

भाऊ,

फोनवर रोज बोलतो आपण, तरी तू “लिवून पाठव, वयनीले वाचून दाखवाचं हाय” म्हणालास, म्हणून हे सविस्तर.

तुम्ही आणलंत त्यानंतरचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ताप एकशे तीनच्या खाली येत नव्हता. रक्ताच्या पिशव्या एकामागून एक लागल्या. देवीदास आणि तानुबाई बाहेरच्या पायऱ्यांवर बसून होते. रेणुकाची आई आत. एकवीस तारखेला हाडातला मगज तपासायला घेतला. त्याचा रिपोर्ट यायच्या आधीच मला अकोल्याला निघावं लागलं.

हॉल भरला होता. मोरोपंतांनी माइक माझ्यासमोर सरकवला. मी कागद नेला नव्हता. दाराचं सांगितलं, दारानंतरचं सांगितलं, तू दाराआड कानात बोटं घालून बसला होतास तेही सांगितलं. वहिनीने किल्ली मागितली तेही. देवीदासने मला काय विचारलं होतं आणि मी त्याला जेवून घ्यायला सांगितलं, हेही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, “मग आमचा विश्वास काय पाण्यात?” मी “हो” म्हणाले.

अनसूयाबाई उठून गाडीत बसल्या. घराचं जाहीर झालं नाही. सहा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

“घर मी मुलांना देतेय, तुला नाही,” त्या म्हणाल्या. “तू अध्यक्ष असेपर्यंत कागदावर सही करणार नाही.”

मी तिथेच राजीनामा लिहून दिला. आता मोरोपंत अध्यक्ष आहेत. मी स्वयंपाकघर, औषधं आणि नव्याने येणाऱ्या आईबापांशी बोलणं, एवढं बघते. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. सहा वर्षं ते माझं होतं. फ्रेम मीच उतरवली, भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

अकोल्याहून परतताना बडनेऱ्याजवळ मैथिली मॅडमचा फोन आला होता. आजार परतलेला नाही. पेशी औषधांनीच कमी झाल्या होत्या, आणि त्यात जंतुसंसर्ग. “वेळेत आणली,” एवढंच त्या म्हणाल्या. मी डोमाजीकाकांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि खूप वेळ खाली उतरून उभी राहिले.

रेणुका अशक्त झालीय. चालताना भिंत धरते. चव गेली म्हणून जेवत नाही, तानुबाई तिच्यामागे ताट घेऊन फिरते आणि आम्हा सगळ्यांवर ओरडते.

आज राहिलेलं इंजेक्शन होतं, म्हणून मी रजा घेतली. सकाळपासून देवीदास दिसेना. मला वाटलं, गेला पुन्हा. बघते तर अंघोळ करून, केस विंचरून तो त्या खोलीच्या दाराशी उभा. आत गेला. दार लोटलं गेलं आणि “बाबा, सोड ना” सुरू झालं. मी बाहेर बाकावर बसले होते, तू बसायचास तशी. आत ती ओरडत होती आणि मध्येच त्याचा आवाज येत होता, “नाई सोडत बाबू, नाई सोडत.”

बाहेर आला तेव्हा सगळा शर्ट ओला होता. नळावर तोंड धुतलं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, मला ऐकवेल, आणि ऐकवायलाच हवं होतं. त्याने विचारलं, “पुढची तारीख कोनती?”

एकवीस मार्च, भाऊ. त्या दिवशी त्याला शेडवर बोलावू नकोस.

रागिणी